उथळ तळ्यात फ्लाय: वेंडूरीवर ट्राउट आणि रेडफिन कसे गरवायचे

ऑस्ट्रेलियात मेलबर्नहून पश्चिमेला साधारण 115 किलोमीटरवर बॅलारॅट आहे आणि शहराच्या ऐन वस्तीत वेंडूरी तळं. 1956 च्या ऑलिंपिकमधल्या वल्हवण्याच्या शर्यती याच पाण्यावर झाल्या. पाण्याचा विस्तार बघून तळं खोल असेल असं वाटतं, पण बहुतेक ठिकाणी ते दोन मीटरच्या आतबाहेरच आहे. दुष्काळात, 2006 साली, ते पार कोरडं पडलं होतं आणि 2011 मध्ये पुन्हा भरलं. म्हणजे आज इथे जो ट्राउट आणि रेडफिन आहे तो सगळा त्यानंतरचा. तो फ्लायने, म्हणजे पिसं-केस बांधून किड्यासारख्या केलेल्या गळाने, कसा गरवायचा ते पुढे.

दोन्ही मासे मूळचे युरोपातले. ब्राउन ट्राउटची अंडी 1864 साली बर्फात आणि शेवाळात बांधून जहाजाने टास्मानियाला आणली गेली. रेडफिन, म्हणजे ब्रिटनमधला पर्च, तोही त्याच दशकात इकडे आला. रेनबो ट्राउट नंतरचा, अमेरिकेतला. बॅलारॅटमध्ये ट्राउटची अंडी उबवण्याचं काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आलं आहे.

उथळपणा हीच या तळ्याची किल्ली. ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून सगळीकडे पाणवेल माजते. पाणवेलीत किडे, गोगलगायी, बारीक मासे वाढतात, त्यांच्यावर ट्राउट झपाट्याने पोसतो. पण उथळ पाणी लवकर तापतं, वाऱ्याने लवकर गढूळ होतं, आणि माशाला काठावरची हालचाल लगेच जाणवते. खोल धरणावर मासा किती खोलीवर आहे हे शोधावं लागतं. इथे खोली जवळजवळ ठरलेली असते. शोधायची असते ती पाणवेलीतली मोकळी फट.

परवाना आणि नियम

व्हिक्टोरियात (बॅलारॅट याच राज्यात आहे) 18 ते 69 वयाच्या माणसाला गळ टाकायला परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो आणि फोनवर जवळ ठेवला तरी चालतो. नद्यांत ट्राउटला हिवाळ्यात बंदी असते, तळी मात्र वर्षभर खुली असतात. एका दिवसात किती मासे ठेवायचे याचे आकडे अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याआधी त्या वर्षीचं सरकारी मार्गदर्शक बघा. एक गोष्ट मात्र कधीच करू नये: जिवंत रेडफिन एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेणं. तो इतर माशांची पिल्लं फस्त करतो आणि त्याच्यामुळे रोगही पसरतो. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यात तर तो उपद्रवी जाहीर झाला आहे.

सामान

सहा नंबरची, नऊ फुटी काठी घ्या (काठीचा आणि दोरीचा नंबर जितका मोठा तितकी ती जड). पाच नंबरची काठी वाऱ्यात कमी पडते, आठ नंबरची विनाकारण जड होते. रिळावर सहा नंबरची तरंगती दोरी, तिच्यामागे पन्नास-साठ मीटर बॅकिंग, म्हणजे मासा लांब पळाला तर लागणारी जादा बारीक दोरी. ज्यांना रेडफिनवर जास्त वेळ द्यायचा आहे त्यांनी अगदी सावकाश बुडणारी, म्हणजे इंटरमीडिएट दोरी दुसऱ्या स्पूलवर ठेवावी. झपाट्याने बुडणारी दोरी इथे आणू नका. ती सरळ पाणवेलीत जाऊन बसते.

दोरीच्या टोकाला नऊ फुटांचा निमुळता लीडर (जाड दोरी आणि फ्लाय यांच्या मधला पारदर्शक धागा), आणि त्याला तीन ते चार फूट सहा पौंडी फ्लोरोकार्बन जोडा. जोडायला सर्जन गाठ पुरते. दोन्ही टोकं एकमेकांवर साधारण 15 सेंटिमीटर आणा, दोन्हींचा मिळून एक फास करा, फासातून लीडरचं टोक आणि सगळा फ्लोरोकार्बन मिळून तीनदा काढा, थुंकीने ओलं करा आणि चारही बाजूंनी एकदम, सावकाश ओढा. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने धागा भाजतो आणि मासा लागल्यावर नेमका तिथेच तुटतो. उन्हाळ्यात पाणवेल दाट असेल तर सहाऐवजी आठ पौंडी धागा लावा. पाणवेलीत शिरलेला मासा बारीक धाग्यावर बाहेर येत नाही.

याशिवाय हे हवंच: ध्रुवीकृत काचांचा चष्मा (पाण्याखालची पाणवेल दिसते आणि डोळ्यांना गळ लागत नाही), टोपी, फोर्सेप, लांब दांड्याची रबरी जाळी, पाण्याचं तापमान मोजायचा थर्मामीटर आणि अंधारासाठी लाल दिव्याचा हेडलॅम्प.

फ्लायच्या डबीत पाच प्रकार पुरेत: ऑलिव्ह आणि काळी वुली बगर (लहान मासा किंवा अळीसारखी दिसणारी केसाळ फ्लाय), आठ आणि दहा नंबर (गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान), तपकिरी मडआय (चतुराच्या अळीची नक्कल), आठ नंबर, ऑलिव्ह टाचणीची (चतुरासारख्या सडपातळ किड्याची) अळी, दहा आणि बारा, स्टिक कॅडिस (काडीत राहणाऱ्या अळीची नक्कल), बारा, आणि चिलटांसाठी काळा बझर, चौदा. प्रत्येक गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा फोर्सेपने दाबून सपाट करा. मासा सोडायला सोपं जातं, आणि गळ स्वतःच्या कानात घुसला तरी डॉक्टरकडे जावं लागत नाही.

पाठीमागे बघा

तळ्याभोवती सुमारे सहा किलोमीटरची पायवाट आहे आणि तिच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत पळणारे, सायकलवाले, कुत्रे घेऊन निघालेले लोक असतात. मागे भिरकावलेली दोरी थेट या वाटेवर जाते. म्हणून इथे आधी शिकायचा तो रोल कास्ट (कास्ट म्हणजे दोरी फेकणं). यात दोरी मागे हवेत जातच नाही.

दहा मीटर दोरी समोर पाण्यावर पसरा. काठीचं टोक पाण्यालगत ठेवा आणि सावकाश वर आणत उजव्या कानाच्या किंचित मागे न्या. दोरीचा झोल काठीच्या मागे इंग्रजी डी अक्षरासारखा लोंबला पाहिजे. आता एक क्षण थांबा. हा थांबा चुकला तर पुढचं सगळं चुकतं. मग भिंतीत खिळा ठोकावा तसा मनगट आणि कोपर मिळून पुढे झटका द्या आणि काठीचं टोक डोळ्यांच्या उंचीवर थांबवा. टोक खाली पाण्यापर्यंत नेलं तर दोरी समोर गोळा होऊन पडते. घराजवळच्या हिरवळीवर हे जमणार नाही, कारण दोरीला पाण्याची पकड लागते.

डोक्यावरून टाकायचा साधा कास्ट मात्र हिरवळीवर शिकता येतो. फ्लायच्या जागी लोकरीचा लाल तुकडा बांधा. घड्याळाचे काटे डोळ्यांसमोर आणा: पुढे दहा, मागे एक. मागे एकवर थांबून दोरी सरळ होऊ द्या, मगच पुढे या. चाबकासारखा आवाज आला तर तुम्ही घाई केली, आणि खरी फ्लाय असती तर तुटून पडली असती.

वेंडूरीवर बारा मीटर जमले की पुष्कळ झालं. लांब फेकण्याचा हट्ट इथे तोट्याचा आहे, कारण पहाटे आणि संध्याकाळी ट्राउट पायापासून पाच मीटरवर फिरत असतो आणि पाण्यात उतरलेला माणूस त्यालाच पळवून लावतो. सुरुवातीला काठापासून दोन पावलं मागे उभे राहा आणि पहिले तीन-चार कास्ट काठाला समांतर टाका.

पाणवेल आणि वारा वाचणं

धक्क्यावरून किंवा उंच काठावरून चष्मा लावून दहा मिनिटं नुसतं बघा. गडद हिरवे पट्टे म्हणजे पाणवेल, फिकट तपकिरी म्हणजे मोकळा तळ. जिथे हे दोन मिळतात ती कड आणि पाणवेलीतल्या घरातल्या खोलीएवढ्या मोकळ्या जागा, तिथेच मासे. बदकं आणि कूट (काळे पाणपक्षी) पाणवेल उपटत असतील तर त्यांच्या खालच्या अंगाला सुटलेले किडे वाहत येतात. तिथे एक कास्ट जरूर टाका.

हलका वारा चांगला. पाण्यावर सुरकुत्या आल्या की मासा बिचकत नाही आणि दोरीची सावली लपते. वारा ज्या काठावर आदळतो तिकडे अन्न गोळा होतं, पण दिवसभर जोराचा वारा असेल तर तिथलं पाणी चहासारखं होतं. अशा वेळी गढूळ आणि स्वच्छ पाण्याची सीमा शोधा आणि तिच्या स्वच्छ बाजूला फ्लाय चालवा.

दुपारचा रेडफिन

रेडफिन नजरेने शिकार करतो. म्हणून तो दिवसाचा मासा आहे, आणि अंधार पडला की जवळजवळ थांबतो. ट्राउट उन्हात दडून बसतो तेव्हा हा कामाला येतो. अंगावर उभे गडद पट्टे, पोटाखालचे पर आणि शेपटी केशरी-लाल, पाठीवर टोकदार काट्यांचा पंखा. ओळखायला कठीण नाही.

आठ नंबरची, पितळी मणी असलेली ऑलिव्ह किंवा काळी वुली बगर लावा. पाणवेलीच्या कडेपलीकडे टाका आणि मनात अंक मोजा. सहापर्यंत मोजून ओढल्यावर फ्लायला पाणवेल लागली तर पुढच्या वेळी चारपर्यंत मोजा. काहीच लागलं नाही तर आठपर्यंत. पाणवेलीच्या माथ्यावरून वीतभर वर फ्लाय जायला हवी. मग डाव्या हाताने तीस सेंटिमीटरचा एक झटकन ओढा, दोन सेकंद थांबा, पुन्हा ओढा. रेडफिन बहुतेकदा थांब्यात, फ्लाय खाली जाताना घेतो. दोरीवर टकटक जाणवते. त्या वेळी काठी वर उचलू नका. ओढत राहा. तो फ्लाय मागून चावत येतो आणि तिसऱ्या-चौथ्या टकटकीला घट्ट धरतो.

रेडफिन थव्याने राहतो आणि थव्यातले सगळे साधारण एकाच मापाचे असतात. एक लागला की गळ सोडवून लगेच त्याच जागी टाका, थवा तिथेच घुटमळत असतो. पण पहिले तीन बोटभर निघाले तर जागा सोडा, चौथा मोठा निघत नाही. वीस कास्टमध्ये काही नाही तरीही जागा सोडा. रेडफिन असला तर इतका वेळ लावत नाही.

तोंडाचा पडदा नाजूक असतो. जोर लावून उचलला तर फाटतो आणि मासा पडतो. जाळी वापरा. हातात धरताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत पाठीचे काटे आडवे दाबा. कल्ल्याच्या झाकणालाही एक अणकुचीदार टोक आहे, तिथे बोट लावू नका.

चतुराची अळी आणि कातरवेळ

आता ट्राउटकडे. बॅलारॅटकडचे गळवाले मडआय म्हणतात ती आपल्या चतुराची अळी. चतुर आपण पाण्यावर उडताना बघतो, पण त्याचं बहुतेक आयुष्य पाण्याखाली जातं. अळी दोन-तीन सेंटिमीटरची, जाडसर, तपकिरी, मोठ्या डोळ्यांची. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत (इथला तो उन्हाळा, हे पंचांगाच्या सवयीने विसरायला होतं) ती सूर्यास्तानंतर पाणवेलीतून निघून पाण्याच्या पृष्ठभागालगत काठाकडे पोहत येते, लव्हाळ्यावर चढते आणि कात टाकून चतुर होते. सकाळी लव्हाळ्याच्या काड्यांवर रिकाम्या, पाठीवर चिरलेल्या साली चिकटलेल्या दिसल्या की समजा, आदल्या रात्री इथेच मेजवानी झाली. संध्याकाळी त्याच लव्हाळ्यासमोर उभे राहा.

सूर्यास्ताआधी अर्धा तास पोचा. अंधारात गाठी बांधायची वेळ येऊ नये म्हणून मडआय आधीच बांधून ठेवा. साध्या क्लिंच गाठीऐवजी न सरकणारा फास बांधा, म्हणजे फ्लाय मोकळी डुलते. पृष्ठभागालगत राहणारी, हरणाच्या केसांच्या डोक्याची मडआय उत्तम. टाका, लहरी विरेपर्यंत थांबा, मग आठाच्या आकड्यासारखा आवळत हात चालवा.

तो हात असा. दोरी उजव्या हाताच्या तर्जनीवरून खाली येऊ द्या. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत ती चिमटीत धरा, मनगट फिरवा. चारेक सेंटिमीटर दोरी येते. आता करंगळीने पुढची दोरी पकडून तळहातात ओढा, पुन्हा चिमूट. चिमूट, करंगळी, चिमूट, करंगळी. तळहातात दोरीचा गुच्छ साठत जातो. घाई झाली की सगळं बिघडतं: एक मीटर दोरी यायला निदान पंधरा सेकंद लागले पाहिजेत. खरी अळी मागच्या टोकातून पाण्याची पिचकारी सोडत पुढे सरकते. घाबरली तर झेप घेते, पण काठाकडे जाताना संथच असते.

ट्राउट घेतो तेव्हा झटका नसतो. दोरी नुसती जड होते, जणू ओलं फडकं अडकलं. लगेच काठी वर मारली तर फ्लाय तोंडातून निघून येते. हाताने दोरी ओढत राहा, वजन पक्कं झालं की मग काठी उचला. सर्वाधिक मासे इथेच हातचे जातात.

चांदण्या रात्रींपेक्षा अंधाऱ्या रात्री बऱ्या, तेव्हा भिंतीवरच्या कालनिर्णयातली अमावास्या बघून बेत आखायला हरकत नाही. उबदार, ढगाळ, वारा पडलेली संध्याकाळ सगळ्यांत चांगली. दक्षिणेकडून गार वारा अचानक आला तर अळ्या निघत नाहीत. मग वाट बघण्यात अर्थ नाही.

पाणवेलीत चतुरासोबत टाचणीच्याही अळ्या असतात, सडपातळ, शेपटीला तीन पानांसारखे कल्ले. त्या दिवसा, बहुतेक सकाळी निघतात आणि अंग नागमोडी हलवत पोहतात. त्यांची नक्कल म्हणून डबीतली ऑलिव्ह अळी, दोरीला छोटे छोटे ओढे आणि मध्ये थांबे.

हिवाळा आणि स्टिक कॅडिस

मे ते ऑगस्ट पाणी थंड, पाणवेल विरळ. ब्राउन ट्राउट दिवसाढवळ्या काठाने फिरतो. कॅडिसची अळी काडीच्या तुकड्यात घर करून तळाशी रांगते, तिची नक्कल लोकरीच्या तरंगत्या खुणेखाली टांगायची. किती खाली, हे अंदाजाने ठरवू नका. फ्लायला फोर्सेप चिमटवा, धक्क्यावरून अलगद खाली सोडा, तळ लागला की पाण्याच्या रेषेवर दोरीची जागा बोटाने धरा. खूण त्याच्या एक वीत खाली, फ्लायच्या बाजूला बांधा. दीड मीटर पाण्यात फ्लाय साधारण सव्वा मीटरवर लटकेल. टाकल्यावर काही करायचं नाही. वाऱ्याने जेवढी हलेल तेवढीच. खूण बुडाली, आडवी सरकली किंवा थबकली की काठी उचला.

तापलेलं पाणी

पाणी 20 अंशांवर गेलं की ट्राउट गरवणं थांबवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो. झुंजून थकलेला मासा सोडल्यावर पोहत गेलेला दिसतो, पण नंतर मरू शकतो. उथळ तळ्यात जानेवारीच्या दुपारी हा आकडा सहज ओलांडला जातो, म्हणून थर्मामीटर काठावर नाही, हात कोपरापर्यंत बुडवून मोजा. त्या दिवसांत दुपारी रेडफिन, आणि ट्राउट पहाटेच, तेही पाणी निवलेलं असेल तर.

सोडायचा मासा पाण्याबाहेर काढूच नका. जाळी पाण्यात ठेवा, हात ओले करा, फोर्सेपने गळ उलटा फिरवा. मग मासा पोट खाली धरून स्वतःहून निघेपर्यंत थांबा. कल्ल्यांत बोटं घालू नका.

उन्हाळ्यात काठच्या उंच गवतात टायगर साप असतात, विषारी. पँट पायभर, बूट बंद आणि अंधारात पावलापुढे उजेड. तळाचा गाळ मऊ आहे, तेव्हा पाण्यात उतरायचं झालं तर गुडघ्यापर्यंतच आणि साध्या काठीने (गरवायच्या नव्हे) चाचपत. निळ्या-हिरव्या शेवाळाची सूचना लागलेली असेल तर पाण्याला हात लावू नका आणि मासाही घरी नेऊ नका.

रेडफिन ताटात

ट्राउटपेक्षा रेडफिनच खायला सरस, असं आमचं ठाम मत आहे. मांस पांढरं, घट्ट आणि चिखलाचा वास कमी. खवले इतके चिवट की काढत बसू नये. कल्ल्यामागून कण्यापर्यंत तिरका काप घ्या, सुरी आडवी करून कण्यालगत शेपटीपर्यंत न्या, पण शेपटीशी कातडी जोडलेलीच ठेवा. तुकडा उलटा पाडा, सुरी कातडी आणि मांसाच्या मधे सपाट सरकवा. कातडी खवल्यांसकट मागे राहते. बरगड्यांचे काटे वेगळे कापून टाका.

अर्धा किलो तुकड्यांना एक चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, दोन चमचे लाल तिखट आणि एक मोठा चमचा कोकमाचं आगळ. वीस मिनिटं पुरे, जास्त ठेवलं तर आगळाने मांस भुसभुशीत होतं. चार भाग बारीक रवा, एक भाग तांदळाचं पीठ, दाबून लावा. तवा चांगला तापल्यावरच तुकडे घाला, एका बाजूला दोन ते तीन मिनिटं, एकदाच उलटा. काटे, डोकी आणि आतडी परत तळ्यात टाकू नका. पिशवीत बांधून घरच्या कचऱ्यात टाका.